रात्रीच्या बाई : लक्षण, प्रमाण आणि अनवस्था

तान्ह्या बाळासाठी रात्री ठेवलेल्या बाई रात्री खरोखर जाग्या असतात का, हा प्रश्न अजूनही स्वयंपाकघरातल्या कुजबुजीपलीकडे गेलेला नाही. पुण्या-मुंबईत बाळंतीण दवाखान्यात असतानाच बाई पुरवणाऱ्या ब्यूरोला फोन जातो. रात्री आठ ते सकाळी आठ अशा बारा तासांच्या बाई ठरतात, आगाऊ रक्कम दिली जाते आणि घरातली चार शहाणी माणसे त्या रात्रीपासून छताकडे बघत पडून राहतात. एवढा मोठा व्यवहार तर्कशास्त्राच्या पायाशिवाय चालावा हे बरे नव्हे.

न्यायशास्त्राच्या शिस्तीप्रमाणे आधी लक्षण करू. ‘जी रात्री बाळापाशी असते ती रात्रीची बाई’ असे म्हणावे, तर त्यात आई येते, आजी येते, आणि मुक्कामाला येऊन ‘तुम्ही झोपा गं, मी आहे’ म्हणत सर्वांत आधी घोरू लागणारी आत्याही येते. ही अतिव्याप्ती झाली. ‘जी पगार घेऊन बाळापाशी असते ती’ असे म्हणावे, तर ज्यांचा पहिला पगार ब्यूरोच्या कमिशनात गेला त्या बाई लक्षणाबाहेर राहतात. ही अव्याप्ती. उरले ‘जी रात्रभर जागी असते ती’. यात असंभव हा दोष आहे, कारण असे लक्षण जिला लागू पडेल अशी रात्रीची बाई जगात नाही. तूर्त कामचलाऊ लक्षण असे : जिच्या येण्याने घरातल्यांना आपण आता झोपणार असा भास होतो, ती.

या व्यवसायाला पूर्वपीठिका आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात धात्री, म्हणजे बाळाला दूध पाजणारी दाई, कशी निवडावी याची यादी आहे. तरुण, निरोगी, प्रेमळ, स्वच्छ, बेसावध नसणारी, जिचे स्वतःचे मूल जिवंत आहे अशी. यादी बरीच लांब आहे. आजच्या सासूबाई फोनवरून ब्यूरोला सांगतात ती यादी याहून फारशी वेगळी नसते. ‘मोबाइल बघत बसणारी नको’ एवढीच एक भर पडली आहे. पगाराचा विषय चरकाने त्या यादीत काढलेला नाही, आणि ही परंपरा मात्र घरोघरी निष्ठेने पाळली जाते. पुरंदरावर 1657 साली जन्मलेल्या संभाजीराजांना दूध पाजणाऱ्या कापूरहोळच्या धाराऊचे नाव आणि गाव आपल्याला साडेतीनशे वर्षांनंतरही माहीत आहे. सव्वा महिना आपल्या घरी राहून गेलेल्या बाईंचे आडनाव सांगा म्हटले तर भल्या भल्या घरांत शांतता पसरते.

रात्रपाळीचा उगम मात्र धात्रीत नसून सटवाईत आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. बाळाच्या पाचव्या-सहाव्या रात्री पाटा-वरवंटा मांडायचा, विळा किंवा सुरी ठेवायची, सटवाई नशीब लिहायला येईल म्हणून कोरा कागद आणि लेखणी ठेवायची, आणि घराने जागायचे. म्हणजे एका रात्रीपुरती का होईना, सगळ्या घराची रात्रपाळी लागत असे. सातव्या रात्री सगळे झोपले आणि बाळंतीण एकटी जागी राहिली. जागरण तिच्या पाचवीलाच पुजले होते, एवढाच काय तो सटवाईच्या कागदावरचा मजकूर.

आता मुख्य प्रश्न. बाई जाग्या आहेत, हे ज्ञान कोणत्या प्रमाणाने व्हावे?

प्रत्यक्ष प्रमाण सर्वांत बळकट मानतात. इथे ते सर्वांत घातक आहे. जाऊन बघायचे तर दार उघडावे लागते, दार करकरते, बाळ उठते, बाळ उठले की बाई उठतात, आणि निरीक्षकाला दिसते की बाई जाग्या आहेत. दार उघडण्यापूर्वी त्या जाग्या होत्या का, हे कायमचे गुलदस्त्यात राहते. काही घरांत यावर कॅमेरा बसवतात. कॅमेऱ्याने इतकेच होते की पूर्वी उठून बघणारा बाप आता पडल्या पडल्या बघतो, आणि झोप जायची ती जातेच.

अनुमान घ्यावे तर हेतू सदोष निघतो. रडणे थांबले, म्हणून बाईंनी बाळाला घेतले असावे, असे अनुमान करणारा विसरतो की बाळे कधी कधी स्वतःहूनही थांबतात. बरे, रडणे थांबलेच नाही तर? बाई झोपल्या आहेत असे म्हणता येत नाही. त्या थोपटत असतील आणि बाळ ऐकत नसेल. थोडक्यात, रडण्यावरून बाळाबद्दल कळते, बाईंबद्दल काहीच कळत नाही.

उपमान म्हणजे ‘आमच्या ताईच्या वेळच्या बाई’. त्या अशा होत्या की टाचणी पडली तरी उठायच्या. त्या कुठे राहतात हे ताईलाही आठवत नाही.

राहिले शब्दप्रमाण. सकाळी आठला पर्स खांद्याला लावता लावता बाई सांगतात, “बाळ गुणाचं आहे हो. दोनदाच उठलं.” आई म्हणते पाचदा. कचऱ्याच्या डब्यात डायपर निघतात तीन. तिन्ही साक्षी प्रामाणिक आहेत आणि तिन्ही एकमेकींशी जुळत नाहीत.

यातून घडतो तो अनवस्था दोष. बाई जाग्या आहेत का हे बघायला आई जागी राहते. आई उगीच जागते आहे का हे बघायला तिची आई जागी राहते. आजी का उठली म्हणून आजोबा उठतात आणि दिवा लावतात. दिवा लागला म्हणून बाप येतो आणि ‘काय झालं?’ असे विचारतो. बाई ठेवण्यापूर्वी घरात रात्री एक माणूस जागे होते, आता पाच आहेत. पैकी कामाच्या फक्त बाई.

शरीरशास्त्राला या वादात पडायचेच नाही. नवजात बाळ चोवीस तासांत 14 ते 17 तास झोपते, पण तुकड्यातुकड्याने, आणि दिवस-रात्रीचा फरक त्याला दोन-तीन महिन्यांनंतर कळू लागतो. अंगावर पिणाऱ्या बाळाला दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा दूध लागते. तेव्हा आईला उठावे लागणारच. ब्यूरोकडे त्यावर उतारा नाही. बाई बाळाला उचलून आणतात, पाजून झाल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढतात, दुपटे बदलतात, पुन्हा निजवतात. आईचा तासाभराचा जागर वीस मिनिटांवर येतो. बाईंकडून मिळायचे ते एवढेच, आणि ते फार मोठे आहे.

संपूर्ण रात्र खरोखर जागणारी व्यक्ती शास्त्राला एकाच ठिकाणी आढळते. पुण्याहून न्यू जर्सीला बाळंतपणासाठी गेलेली आजी. घड्याळात साडेनऊ-साडेदहा तासांचा फरक असल्याने तिकडच्या मध्यरात्री तिची सकाळ झालेली असते. ती टक्क जागी, प्रसन्न, आणि कोणाशी तरी बोलायला मिळावे म्हणून आतुर असते. बाळही त्याच वेळापत्रकावर असते. आठवडाभर दोघांचे उत्तम जमते. मग आजीचे घड्याळ जागेवर येते, बाळाचे येत नाही.

भारतात मात्र निवाडा असा द्यावा लागेल : प्रश्नच चुकीचा विचारला गेला. बाई जाग्या आहेत का, हे विचारू नये. हाकेला उठतात का, एवढेच विचारावे. बाळ झोपले की बाईंनी झोपणे हा कामचुकारपणा नाही, कामाचा भाग आहे. आठला त्या बस पकडून घरी जातात आणि तिथला स्वयंपाक, धुणे, मुलांची शाळा आटोपून भर दुपारी पत्र्याखाली डोळा लागतो का ते बघतात. सलग रात्रभर त्यांनी डोळे ताठ ठेवावेत अशी अपेक्षा करणाऱ्याने आधी एक रात्र स्वतः बाळाला खांद्यावर घेऊन काढावी, आणि सकाळी ऑफिसात जाऊन दाखवावे.

तेव्हा वाचकांना विनंती. बाईंना जमिनीवर चटई न देता गादी द्या, थर्मासमध्ये चहा भरून ठेवा, आठवड्याची सुट्टी ठरवताना तोंडी न ठेवता लिहून ठेवा. सकाळी आठ म्हणजे आठ. ‘जरा आंघोळ घालून जाता का’ हे वाक्य सव्वाआठला उच्चारू नका, मालिशवाल्या मावशींचे काम वेगळे आणि पैसेही वेगळे. महाराष्ट्रात घरकामगारांच्या कल्याण मंडळाचा 2008 चा कायदा आहे. बाईंनी नोंदणीचा कागद पुढे केला तर कुरकुर न करता सही करा. आणि सही करताना त्यांचे आडनाव एकदा नीट वाचून घ्या.