चंद्र, हप्त्यावर

चंद्र यंदा २४ हप्त्यांत मिळतो आहे. व्याज नाही. प्रोसेसिंग फी वेगळी, काच फुटली तर तिचा विमा वेगळा, मागचं कव्हर मात्र दुकानदार आपुलकीने फुकट देतो. बाळ रामाने चंद्र मागितला तेव्हा राजवाड्यातल्या शहाण्यांनी पुढ्यात आरसा धरून वेळ निभावली होती. दशरथाच्या घरी पैशाला तोटा नव्हता; शून्य टक्क्याची योजना नव्हती, म्हणून डोकं चालवावं लागलं.

आमच्या आळीत असा एक चंद्र नुकताच आला. आणणाऱ्याचं नाव सांगत नाही. तो तुमच्या आळीतही आहेच. गणपती आले की त्याचा फोन ‘हँग’ व्हायला लागतो, नवरात्रात कॅमेऱ्यात ‘मजा राहत नाही’ आणि दिवाळीच्या जाहिराती लागल्या की तोच फोन घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या लायकीचा होतो. आईकडे त्याचे असे तीन फोन जमा झालेत. त्यातला एक ती गजराला वापरते.

नव्या फोनमधून त्याने मला आधी चंद्र दाखवला. मग दुसरा चंद्र. मग आंजर्ल्याच्या खाडीवरचा चंद्र, खाडी वगळून. आईचा एखादा फोटो काढलास का, म्हटलं, तर म्हणाला, तिला आवडत नाही. चंद्राला आवडतं की नाही, हे विचारायची सोय नाही, ही फोनवाल्यांची मोठीच सोय.

“शंभरपट झूम आहे, काका.”

“कशाला?”

हा प्रश्न त्याला दुकानात कुणी विचारला नव्हता. जरा थांबून म्हणाला, “तसं नाही, पण आहे ना!”

आहे खरा. पण काय आहे ते बघू. चंद्र आकाशात जेमतेम अर्धा अंश जागा अडवतो. १२ मेगापिक्सेलच्या साध्या फोटोची रुंदी ४,००० ठिपक्यांची. त्यातले तीसेक त्याच्या वाट्याला येतात, म्हणून जुन्या फोनमध्ये तो पांढरा डाग दिसतो. नव्या फोनमधलं खरं भिंग त्याला पाचपट, फार तर दहापट जवळ आणतं. तिथून शंभरापर्यंतचं सगळं काम काच करत नाही, हिशेब करतो. फोन भराभर पुष्कळ फोटो काढतो, एकावर एक ठेवतो, हाताची थरथर पुसतो. आणि काही फोनांतलं सॉफ्टवेअर तर समोर चंद्रच आहे हे ओळखून त्याचे डाग, खड्डे आपल्या पदरचे घालून ठसठशीत करतं. त्याला ते जमतं, कारण चंद्र पृथ्वीभोवती सव्वासत्तावीस दिवसांत फिरतो आणि स्वतःभोवतीही नेमका तेवढ्याच दिवसांत. त्यामुळे जन्मभर आपल्याला त्याची जवळजवळ एकच बाजू दिसते. पेपर दर वर्षी तोच, उत्तर पाठ, निकाल शंभर टक्के. आमच्या आळीतल्या पोराने काढलेल्या चंद्रात आणि साताऱ्यातल्या कुणी काढलेल्या चंद्रात फरक असायचं कारणच नाही. १९६९ साली माणसं तिथे उतरून फोटो काढून आली. २०२३ च्या ऑगस्टमध्ये आपलं चंद्रयान-३ दक्षिण ध्रुवाच्या बाजूला उतरलं. तेही फोटो बघायला मिळतात, फुकट, गजराच्या फोनवरसुद्धा.

आणि हा चंद्र घ्यायचा कुठे, तर दापोलीत! इथे वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. जून ते सप्टेंबर चंद्र आहे की नाही ते पंचांगात बघून मानायचं. २४ हप्त्यांत दोन पावसाळे, म्हणजे आठ हप्ते निव्वळ ढगांचे. उरल्या सोळा पौर्णिमा. फोन लाखाचा धरला तर पौर्णिमा सव्वासहा हजारांना पडते. कोजागरीचं आटीव दूध वेगळं.

पण या फोनचं एक कोडं मला सुटत नाही. चंद्रावरचे खड्डे तो कोरून दाखवतो आणि माणसाच्या गालावरचे बुजवतो. म्हणजे खड्डे पाडायची आणि बुजवायची दोन्ही सोय एकाच यंत्रात झाली, तर मग ते त्या पोराच्या हातात वाया का घालवायचं? रस्त्याच्या कामाला लावा. अंदाजपत्रकाच्या वेळी चंद्राच्या मोडवर फोटो काढायचा : खड्डा किती खोल, कडा किती धारदार, निधीची निकड किती. बिल काढायच्या वेळी तोच खड्डा चेहऱ्याच्या मोडवर घ्यायचा : नितळ, गुळगुळीत, किंचित गोरा. मध्ये डांबर नको, खडी नको, रोलर नको, पहिल्या पावसात वाहून जायची भीती नको, कारण वाहून जायला काही टाकलेलंच नसतं. दोन्ही फोटोंवर तारीख, वेळ, अक्षांश, रेखांश छापलेले, म्हणजे चौकशीलाही तोंड राहत नाही. घाट चढून दापोलीत आलेल्या एखाद्या प्रवाशाने तक्रार केलीच, तर त्याच्या मणक्याचा फोटो मागवावा आणि तोही सरळ करून परत द्यावा. हे एकदा रुळलं की मागे कशाला राहायचं? हर्णैच्या लिलावात टोपलीतली सुरमई ओळखून फोनने तिला हातभर लांब करावी. सुवर्णदुर्ग पाठ करायला तर चंद्राहून सोपा. १७५५ साली इंग्रजांच्या तोफा खाऊनही तो जागचा हलला नाही, तो झूमला काय भितो! मग पुण्यामुंबईच्या लोकांना एवढ्या लांब यायचंही कारण उरत नाही. गॅलरीत उभं राहून साधारण समुद्राच्या दिशेने फोन धरावा, बाकीचं सॉफ्टवेअर बघून घेईल. रीलसाठी मुरुड-कर्द्याच्या वाळूत गाडी घालायची, ती रुतवायची आणि ट्रॅक्टरने ओढून काढायची, एवढा सगळा खर्च वाचेल. वाळूही वाचेल.

डब्यावर दुसरा आकडा असतो २०० मेगापिक्सेलचा. सोनेरी अक्षरांत. रोजचा फोटो काढताना मात्र फोन शेजारशेजारच्या सोळा ठिपक्यांचा एक करतो आणि हाती १२.५ मेगापिक्सेल ठेवतो. त्याचं चुकत नाही. नखाएवढ्या जागेत वीस कोटी ठिपके दाटीवाटीने बसवल्यावर एकेकाच्या वाट्याला उजेड कितीसा येणार? पण मग डब्यावर साडेबारा लिहा की! तिथे लाज का वाटते? ‘एक इंची’ सेन्सरचीही हीच गत. तो १३.२ मिलिमीटर लांब आणि ८.८ मिलिमीटर रुंद. कर्ण मोजला तरी पुरे १६ भरत नाहीत, आणि खरा इंच २५.४ चा. फार पूर्वी टीव्हीच्या कॅमेऱ्यात काचेच्या नळ्या असत, त्यांच्या बाहेरच्या व्यासावरून हे माप पडलं. नळ्या गेल्या, इंच राहिला. आमच्या सुताराने खिडकीच्या चौकटीला असा इंच लावला, तर त्याला पुन्हा कुणी अंगणात पाऊल ठेवू देणार नाही.

त्या साडेबारा मेगापिक्सेलचं पुढे काय होतं, तेही ऐका. फोटो शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर जातो. जाता जाता त्याला पिळून दीड-दोन मेगापिक्सेलवर आणलं जातं. पलीकडे तो तडा गेलेल्या स्क्रीनवर अंगठ्याएवढा उमटतो आणि बघणारा न उघडताच हात जोडून मोकळा होतो. घरातला साधा फुल एचडी टीव्ही वीस लाख ठिपक्यांचा, फोर-के म्हणून मिरवतो तो ८३ लाखांचा. अल्बममधल्या ४ बाय ६ इंची प्रिंटला बावीस लाख भरपूर झाले. वीस कोटी खरोखर बारीक छापायचे म्हटले तर साडेचार फूट लांब आणि जवळजवळ साडेतीन फूट रुंद कागद लागेल, आणि तो नाकाशी धरून बघावा लागेल. एवढा फोटो आमच्याकडे एकाच ठिकाणी लागतो : नाक्यावरच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर. तिथे चेहरे जितके पुसट, तितकं गावाचं भलं.

शंभरपट झूमचा दापोली तालुक्यात उपयोग नाहीच असं नाही. एक सापडला. त्यातून मोबाइलचा टॉवर दिसतो. खाडीपलीकडच्या डोंगरावरचा, त्याचे लाल-पांढरे पट्टे मोजता येतील इतका स्वच्छ. रेंज तेवढी येत नाही.

आता वड्याचं तेल वांग्यावर काढतोय म्हणा हवं तर, पण काढणार. २०२१ पासून पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः शेतात उभं राहून, फोटो काढून मोबाइलवरून करायची आहे. ई-पीक पाहणी. कल्पना चांगली आहे, माझी तक्रार नाही. पण काजूच्या कलमाखाली उभ्या असलेल्या माणसाच्या फोनला रेंज द्यायची कुणी? तो फोटो काढतो, मग फोन डोक्यावर धरून बांधावर चढतो, बांधावरून कातळावर, कातळावरून सड्यावर. तिथे एक काडी येते, आणि अर्धा फोटो गेल्यावर जाते. घरात बसलेला शहाणा मुलगा वरून ओरडतो, “बाबा, फोन बदला!” नाचता येईना, अंगण वाकडं, हे ऐकलं होतं, इथे नाचणारा तयार आहे, अंगणच नाही, आणि आपण त्याला नवे घुंगरू विकतोय!

३ जून २०२० आठवा. निसर्ग वादळाने दापोली-मंडणगडातल्या नारळी-पोफळींच्या वाड्या एका दुपारीत आडव्या केल्या. कौलं उडाली, पत्रे उडाले. पोफळ लावली की धरायला पाच-सात वर्षं लागतात. आज्याने लावलेल्या पोफळी नातवाच्या डोळ्यांदेखत गेल्या. फोटोची खरी गरज काय असते ते तेव्हा कळलं. पंचनाम्याला फोटो हवा होता. लोकांकडे फोन होते, कॅमेरेही चांगले होते, पण गावोगाव कित्येक दिवस वीजच नव्हती, तर फोन चालणार कशावर? तेव्हापासून कॅमेरा ४८ वरून १०८ वर गेला, १०८ वरून २०० वर गेला. वीज अजून वारा सुटला की जाते. रेंज मात्र एका काडीवरून प्रगती करत एका काडीवर आली आहे. याबद्दल एकही माणूस ‘मजा राहत नाही’ म्हणत नाही. पोराला विचारलं, टॉवरसाठी अर्ज करतोस का? म्हणाला, बघू. चंद्रासाठी अर्ज त्याने तिथल्या तिथे भरला होता, आधार कार्डाच्या झेरॉक्ससकट.

कॅमेरे सुधारले नाहीत, असं माझं म्हणणं नाही. कोकणातल्या माजघरात भर दुपारी अंधार असतो; तिथे चुलीपुढे बसलेल्या माणसाचा फोटो दहा वर्षांपूर्वीच्या फोनमध्ये निव्वळ काळा यायचा, आता चेहऱ्यावरचं हसूही दिसतं. आंजर्ल्याला कासवाची पिल्लं समुद्राकडे सोडतात, तेव्हा दोरीमागे उभं राहून झूमने फोटो घेणारा माणूस दोरी ओलांडून फ्लॅश मारणाऱ्यापेक्षा हजार पटींनी बरा. (त्या दुसऱ्याला फोन बदलून काही फरक पडणार नाही. त्याचा फोन काढून घ्यायला हवा.) पण तिथे पाचपट झूम पुरतो, आणि अंधारातल्या फोटोची ही करामत गेल्या तीन-चार वर्षांतल्या मध्यम किमतीच्या फोनमध्येही आहे. गेल्या वर्षीच्या आणि यंदाच्या फोटोतला फरक दिसायचा, तर दोन्ही शेजारी ठेवून झूम करावा लागतो. बहुतेक त्यासाठीच शंभरपट दिला असावा.

तेव्हा नुसत्या कॅमेऱ्यासाठी यंदा फोन बदलू नका. फोन बंद पडला असेल, किंवा त्याला सुरक्षेचे अपडेट यायचे थांबले असतील आणि त्यावरून तुम्ही पैशाचे व्यवहार करत असाल, तर जरूर नवा घ्या. बॅटरी टिकत नसेल तर बॅटरी बदला. फोटो पुसट येत असतील तर आधी मागची काच उजेडात धरून बघा. आपल्याकडची हवा खारी आणि हात मासळीचे. भिंगावर थर बसतो, तो बोटाने पुसला की आणखी पसरतो. धुतलेलं जुनं मऊ सुती कापड घ्या आणि पुसा. दुकानात हे सांगत नाहीत.