लाकडी चमच्याचे मानकरी

भाच्याने इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला ऑनर्स घेतलं, तेव्हा घरातला पहिला प्रश्न होता, ‘ह्याची फी वेगळी का?’ दुसरा प्रश्न त्याच्या आजीचा, म्हणजे माझ्या आईचा. ‘पगार वाढून मिळेल ना रे?’ भाचा म्हणाला, ‘तसं काही नक्की नाही.’ तिसरा प्रश्न कोणी विचारला नाही, पण तो सगळ्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होता.

ऑनर्स म्हणजे काय प्रकार आहे, हे त्याने मला नंतर सावकाश समजावून सांगितलं. बी.टेक.ला साधारण १६० क्रेडिट लागतात. तेवढी झाली की पदवी मिळते, पेढे वाटता येतात, लग्नाच्या बायोडेटात रकाना भरता येतो. ऑनर्सवाल्याने त्यावर आणखी अठरा-वीस क्रेडिट मिळवायची. एआयसीटीईने तशी सोय करून ठेवलेली आहे. ‘आणि नाही मिळवली तर?’ ‘तर काही नाही. बी.टेक. मिळतंच.’ जे केलं नाही तरी चालतं ते एखाद्याने आपणहून अंगावर घ्यावं, हे आमच्या घराण्याच्या रीतीला सोडून होतं. आम्ही पिढीजात ऑप्शनला टाकणारी माणसं. माझ्या वडिलांनी इतिहासातली अख्खी मुघल सल्तनत ऑप्शनला टाकली होती आणि ते अभिमानाने सांगत.

जादा क्रेडिटांपैकी बरीच ऑनलाइन कोर्समधून मिळवायची होती. एनपीटीईएलवर आयआयटीचे प्राध्यापक फळ्यासमोर उभे राहून शिकवतात आणि आमच्या घरात ते दीडपट वेगाने शिकवत, कारण भाच्याने तसं बटण दाबलेलं असे. त्या वेगात अत्यंत गंभीर गृहस्थसुद्धा शेवटची लोकल पकडायला निघाल्यासारखे बोलतात. दर आठवड्याला एक असाइनमेंट, आणि ती बहुतेक बुधवारी रात्री बाराच्या आत टाकायची. त्यामुळे बुधवारी भाचा धड जेवायचा नाही, कोणाशी बोलायचा नाही, साडेअकराला दिवा लावून बसायचा आणि बाराला एक मिनिट कमी असताना सुस्कारा सोडायचा. आईने हे काही आठवडे पाहिलं आणि शेजारच्या वहिनींना सांगितलं, ‘आमचा नातू बुधवार करतो.’ मी तो गैरसमज दूर करायला गेलो नाही. व्रतच होतं ते. फक्त उद्यापन कधी आणि कशाने करायचं हे व्रतकर्त्यालाही ठाऊक नव्हतं.

परीक्षेचे ७५ टक्के, असाइनमेंटचे २५, आणि बेरीज साठावर गेली की प्रमाणपत्रावर ‘एलिट’ असं छापून येतं. साठ टक्के पडल्यावर आमच्या वडिलांनी आमच्यासाठी वापरलेला शब्द वेगळा होता.

सुरुवातीला ऑनर्सचा वर्ग भरलेला होता. सातव्या सेमिस्टरला प्लेसमेंटचा हंगाम आला आणि बाकं रिकामी व्हायला लागली. कोणाला अॅप्टिट्यूडची तयारी करायची होती, कोणाला नोकरी लागलीच होती म्हणून पुढचं सगळं निरर्थक वाटत होतं. शनिवारी दुपारी, कँटीनसुद्धा बंद असताना, येणारी मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली. भाचा त्यांतला एक आणि मार्कांनी सगळ्यांत खालचा. एका रविवारी तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, ‘मामा, सोडून देऊ का? पूर्ण केलं तरी शेवटून पहिला येणार.’

मग मी त्याला केंब्रिजची गोष्ट सांगितली. भाचे आपलं ऐकून घेतील अशी वेळ फार येत नाही, म्हणून जरा ऐसपैसच सांगितली.

केंब्रिजला गणिताची ऑनर्स परीक्षा म्हणजे ट्रायपॉस. तिच्यात पहिल्या वर्गात येणारे ते रँग्लर आणि त्यांच्यातला पहिला तो सीनिअर रँग्लर. आपल्याकडे रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे फर्ग्युसनमधून तिथे गेले आणि १८९९ साली सीनिअर रँग्लर झाले. तो मान त्यांनी बर्टविसल नावाच्या दुसऱ्या विद्यार्थ्याबरोबर विभागून घेतला, हे आपण सोयीने विसरतो. तेव्हापासून महाराष्ट्राने ह्या ऑनर्सची पाटी माणसाच्या नावालाच ठोकून टाकली. रँग्लर परांजपे, रँग्लर महाजनी, रँग्लर नारळीकर. नारळीकरांकडे तर वडील विष्णू वासुदेव रँग्लर आणि चिरंजीव जयंतही रँग्लर. आईचा पगाराचा प्रश्न परांजप्यांनाही कोणीतरी विचारला असणारच. एवढी परीक्षा मारून आलेला हा माणूस डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा आजीव सदस्य म्हणून फर्ग्युसनमध्ये शिकवायला लागला, पुढे तिथेच प्राचार्य झाला. आजीव सदस्यांचा पगार ही मिरवायची गोष्ट नव्हती.

पण मला भाच्याला सांगायचं होतं ते पहिल्याबद्दल नव्हतं. त्या यादीत पहिल्यापासून शेवटपर्यंत प्रत्येकाचा क्रमांक जाहीर होत असे. रँग्लरांच्या खाली सीनिअर ऑप्टिम, त्यांच्या खाली ज्युनिअर ऑप्टिम. आणि ज्युनिअर ऑप्टिममध्ये जो अगदी तळाला, त्याला लाकडी चमचा. हा चमचा विद्यापीठ देत नसे, मित्रमंडळी देत. पदवीदानाच्या वेळी हा गृहस्थ गंभीर चेहऱ्याने पदवी घ्यायला पुढे झाला की वरच्या गॅलरीतून दोरीला बांधलेला चमचा हळूहळू खाली सोडत. चमचा म्हणजे आमटीचा नव्हे. मीटरभराहून लांब, वल्ह्याचा बनवलेला. शेवटचा मानकरी १९०९ सालचा, होल्टहाऊस नावाचा, सेंट जॉन्स कॉलेजचा. म्हणजे परांजप्यांच्याच कॉलेजचा. दहा वर्षांच्या अंतराने एकाच कॉलेजने पहिला दिला आणि शेवटचाही. त्याचा तो भलामोठा चमचा घेतलेला फोटो आजही पाहायला मिळतो.

त्यानंतर क्रमांक जाहीर करणंच बंद झालं. वर्गवार नावं, तीही अकारविल्हे, त्यामुळे तळाला नेमका कोण ते कळेना आणि चमचा द्यायचा कोणाला हेही कळेना. बंद व्हायलाच हवं होतं, असं माझं मत. क्रमांकापायी तिथे आपल्याकडच्यासारखाच क्लासचा बाजार भरला होता. राऊथ नावाचा एक खाजगी शिकवणीवाला होता, त्याच्या शिकवणीतून पंचवीसहून अधिक सीनिअर रँग्लर निघाले. लातूर पॅटर्न ही आपण उगाच आपली मक्तेदारी समजतो. हार्डीसारखा गणिती ह्या परीक्षेवर आयुष्यभर चिडलेला होता, आणि तो स्वतः चौथा आला होता. लॉर्ड केल्विन आणि मॅक्सवेल दोघेही आपापल्या वर्षी दुसरे. त्यांच्या वर्षांचे पहिले कोण, हे सांगायला पुस्तक उघडावं लागतं. आणि १८९० साली फिलिपा फॉसेट ह्या मुलीचे मार्क तर सीनिअर रँग्लरच्याही वर होते. तिचं स्थान तसंच वाचून दाखवलं, टाळ्या झाल्या. पदवी दिली नाही. बायकांना पदवी द्यायला केंब्रिजला १९४८ साल उजाडावं लागलं.

‘ते ठीक आहे,’ भाचा म्हणाला, ‘पण चमच्याचं काय?’

चमच्याचं एवढंच, की तो मिळायला आधी ऑनर्सला बसावं लागे. ह्या कटकटीत न पडता साधी पदवी घेऊन घरी जाणारे तिथे ढिगाने होते. त्यांना कोणी चमचा दिला नाही, काही सोडलं नाही, त्यांचा फोटोही कोणी जपला नाही. होल्टहाऊसच्या खाली अख्खं विद्यापीठ होतं. यादी त्याच्यापाशी संपली, एवढाच त्याचा गुन्हा.

भाचा काही बोलला नाही. पण त्याने सोडलंही नाही.

आता हे ऑनर्स बी.ए., बी.एस्सी.लाही आलं आहे. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे तीन वर्षांत किमान १२० क्रेडिट करून पदवी घ्या, नाहीतर चौथं वर्ष काढून १६० क्रेडिटची ऑनर्स. चौथ्या वर्षी संशोधनाची ऑनर्स हवी तर पहिल्या सहा सेमिस्टरला ७५ टक्के हवेत. त्यामुळे ‘तीन वर्षांत होतंय ते चार वर्षांत कशाला?’ हा प्रश्न लवकरच घरोघरी ऐकू येईल. दिल्ली विद्यापीठात २०१३ साली चार वर्षांचा घाट घातला होता, तो वर्षभरात गुंडाळावा लागला. ह्या खेपेला टिकेल असं दिसतं.

भाच्याच्या ऑनर्सच्या प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेला बाहेरून एक वयस्क सर आले होते. त्यांनी एक प्रश्न विचारला. भाचा म्हणाला, ‘माहीत नाही, सर.’ एरवी इथे ‘ठीक आहे’ म्हणतात, कागदावर काहीतरी लिहितात आणि ‘नेक्स्ट’ अशी हाक मारतात. ह्या सरांनी मार्कर उचलला आणि म्हणाले, ‘मलाही पूर्ण माहीत नाही. बघू या.’ मार्कर वाळलेला होता, फळ्यावर अर्धी अक्षरं उमटत नव्हती. बाहेरची मुलं दारातून डोकावत होती, शिपाई दोनदा चहाचं विचारून गेला, आणि ही दोघं फळा पुसून पुसून पुन्हा लिहीत होती. उत्तर पूर्ण निघालं नाही. घरी आल्यावर भाचा हे मला जितक्या उत्साहाने सांगत होता तितक्या उत्साहाने त्याने नोकरी लागल्याचंही सांगितलं नव्हतं.

‘कंपनीत ऑनर्सबद्दल काही विचारलं का रे?’

‘नाही. पाच वर्षांनी तू स्वतःला कुठे पाहतोस, एवढंच विचारलं.’

पदवी घेऊन तो आला त्या दिवशी आईने चष्मा लावून प्रमाणपत्र वाचलं. ऑनर्सचा उल्लेख तिला मी बोट ठेवून दाखवला. तिने विचारलं, ‘ह्यात पहिला कोण आला?’ भाचा म्हणाला, ‘नंबर लावत नाहीत, आजी. पण शेवटचा कोण ते आम्हाला माहीत आहे,’ आणि बॅगेतून त्याने एक लांब दांड्याचं लाकडी उलथणं काढलं. त्यावर उरलेल्या सगळ्या मुलांच्या मार्करने केलेल्या सह्या होत्या, आणि खाली त्या बाहेरच्या सरांचीसुद्धा. केंब्रिजची गोष्ट त्याने वर्गात सांगितली होती तर.

आईने उलथणं उलटसुलट करून पाहिलं. म्हणाली, ‘शिसवी दिसतंय. चांगलं दिलंय हो. पण हे लिहिलेलं धुतल्यावर जाईल ना?’