आडवा पाऊस, उभा पाऊस

सांगलीकराला पावसाळ्यात दोनच आकडे लागतात. कोयना किती भरली आणि आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर गेलं. 105.25 टीएमसीचं धरण काठोकाठ आलं आणि पुलाजवळची पातळी 40 फुटांच्या इशाऱ्याकडे सरकायला लागली, की गावभागातली माणसं मुकाट्यानं सामान माळ्यावर चढवतात. मी मात्र एक्सेलमध्ये पावसाचा तक्ताही करतो. डावीकडे तालुके, वर जून ते सप्टेंबर. साताऱ्याचे 11 तालुके आधी, कारण सासुरवाडी तिकडची. मग सांगलीचे 10. प्रत्येक जिल्ह्याखाली ‘एकूण’, उजव्या टोकालाही ‘एकूण’. दोन्ही लाल, ठसठशीत.

“मामा, तक्ता झकास आहे, पण फक्त बघायला,” भाचा म्हणाला. तो पुण्यात डेटाचं काहीतरी करतो. “सगळं आडवं पसरलंय. उभं करायला पाहिजे.”

त्याचं म्हणणं असं, की महिना हीसुद्धा माहितीच. तिला मथळ्यात कशाला टांगून ठेवायचं? तिला स्वतःचा रकाना द्यावा. मग तीनच रकाने उरतात: तालुका, महिना, पाऊस. हॅडली विकहॅम नावाच्या न्यूझीलंडच्या संख्याशास्त्रज्ञानं 2014 साली ‘टायडी डेटा’ या लेखात हेच सांगितलंय म्हणे, एका ओळीत एकच नोंद. करायचंही फार नसतं. एक्सेलच्या पॉवर क्वेरीत तालुक्याचा रकाना धरायचा आणि ‘अनपिव्होट अदर कॉलम्स’ दाबायचं.

मला पटलं. आडव्या तक्त्यात दरवर्षी चार रकाने वाढणार. दहा वर्षांत तक्ता मिरजेला पोचेल. उभ्यात वर्षाचा एक रकाना घातला, की नव्या नोंदी नुसत्या खाली चिकटवत जायचं. शिवाय त्यातला न्याय मला आवडला. महाबळेश्वरला हंगामात 5,000 मिलिमीटरच्या वर कोसळतो, माणला 500 पडला तरी लोक देव पावला म्हणतात. पण उभ्या तक्त्यात महाबळेश्वरच्या जुलैला एक ओळ, माणच्या जूनलाही एकच. फक्त चौकोन रिकामा ठेवायचा नाही. पॉवर क्वेरी रिकाम्या चौकोनाला ओळच देत नाही. तेव्हा जतकरांनो, पाऊस पडो न पडो, शून्य तेवढं लिहून ठेवा.

भाच्यानं बटण दाबलं. 21 तालुके, चार महिने, म्हणजे 84 ओळी व्हायला हव्या होत्या. झाल्या 115. माझे लाल ‘एकूण’ गाळायचे राहून गेले होते, ते बिनबोलावता पंगतीला बसले. ‘एकूण’ नावाचे दोन तालुके आणि ‘एकूण’ नावाचा पाचवा महिना. त्यात त्यानं महिने अकारविल्हे लावले. पावसाळा ‘एकूण’मध्ये सुरू झाला, मग ऑगस्ट, जुलै, जून आणि सगळ्यात शेवटी सप्टेंबर. महिन्यांना क्रमांक दिले की हे सुधारतं, नाहीतर इंग्रजी नावं घातली तरी जून जुलैच्या मागेच. निदान या बाबतीत मराठीवर अन्याय नाही.

मग आलेख आला. महाबळेश्वरचा खांब कुठेतरी खाली आणि त्याच्या डोक्यावरून दोन खांब गगनाला भिडलेले. भाचा तोंड पाडून ओळी गाळायला लागला. तेवढ्यात बायको चहा घेऊन आली आणि पडद्याकडे बघत राहिली.

“हे एकूण-एकूण दोन कशाला?”

“एक तुमचं, एक आमचं,” मी म्हणालो.

“मोठं कुठलं?”

“साताऱ्याचं, मामी.”

“मग राहू दे की. कशाला पुसतोस?”