त्यात काय आहे?

गळणारा नळ, घरघरणारा मिक्सर, चष्म्याची निखळलेली दांडी. बिघाड कोणताही असो, आमचे नाना आधी त्याच्याकडे वाकून ‘हं’ म्हणतात आणि मग म्हणतात, “त्यात काय आहे? घरच्या घरी होतं!” हे ऐकलं की काकू मुकाट्यानं आत जाऊन पर्स काढून ठेवतात. संध्याकाळी प्लंबरला द्यायचे पैसे सुटे असलेले बरे.

नाना कंजूष नाहीत. लग्नामुंजीत त्यांचं पाकीट जाडच असतं. पण मजुरी द्यायची म्हटली की त्यांचा स्वाभिमान दुखावतो. “त्याला दोन हात आहेत, मलाही दोनच आहेत,” एवढाच त्यांचा हिशेब. हत्यारं श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात. त्यात तीन स्क्रू ड्रायव्हर, एक पक्कड आणि कशाचे तरी उरलेले स्क्रू. हे स्क्रू दुरुस्त केलेल्या वस्तूंतून उरलेले असतात, हे चाणाक्ष वाचकांच्या लक्षात आलंच असेल.

2010 साली नानांनी गाडी घेतली, तीही वरच्या मॉडेलची, आणि हौसेनं दुकानातून काचांना काळी फिल्म लावून घेतली. त्यांनी बाहेरून करवून घेतलेलं बहुधा हे एकच काम. ते किती पक्कं झालं होतं ते पुढे कळलं.

27 एप्रिल 2012 ला सर्वोच्च न्यायालयानं गाड्यांच्या काचांवर अशी फिल्म चिकटवायला बंदी घातली आणि 4 मेपासून ती लागू झाली. नानांनी बातमीचं कात्रण जपून ठेवलं. पुढच्या-मागच्या काचेतून 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून 50 टक्के उजेड आरपार जायला हवा. काच मुळातच तशी घडवलेली असली तर चालेल, वरून चिकटवलेलं चालणार नाही, हे ते वॉचमनलासुद्धा समजावून सांगत. लोकांनी भराभर फिल्म काढून घेतल्या. नाना म्हणाले, “त्यात काय आहे? येत्या रविवारी काढतो.”

तो रविवार उजाडायला बारा वर्षं लागली.

मधल्या काळात सिग्नल दिसला की नाना चारी काचा खाली करत. मे महिन्यात एसी चालू आणि काचा उघड्या. पावसाळ्यात काकूंचा डावा खांदा ओला. पण मागची काच काही खाली होत नाही. तिच्यावरची फिल्म काळ्याची जांभळी झाली, पापडासारखे फोड आले, आणि शेवटी तिच्यामुळेच नानांच्या मोबाईलवर चलान आलं.

कोपऱ्यावरच्या अ‍ॅक्सेसरीजवाल्यानं आठशे सांगितले. “नुसतं सोलायचे आठशे?” म्हणत नाना परत आले, आणि एप्रिलमधल्या एका रविवारी सकाळी सातला आमची बेल वाजली. त्यांना आमचा हेअर ड्रायर हवा होता. एक्स्टेन्शन बोर्ड दुसऱ्या मजल्यावरून आला, फवारणीची बाटली तळमजल्यावरच्या कुंड्यांपासून, उलथनं काकूंच्या ओट्यावरून. ‘घरच्या घरी’ म्हणताना घर नेमकं कुणाचं, याचा खुलासा नाना कधी करत नाहीत. माणूसही लागतोच. “जरा धर,” म्हणून त्यांनी ड्रायर माझ्या हातात दिला, तो दुपारपर्यंत.

नानांना शास्त्र मात्र पक्कं ठाऊक असतं. फिल्म काचेला आतून लावलेली असते. ती बाहेरून तापवायची, गोंद नरम झाला की कोपरा नखानं उचलायचा आणि तिरकी धरून हळूहळू ओढायची. घाई केली की वरचा पापुद्रा हातात येतो आणि गोंद काचेलाच राहतो. पहिली काच त्यांनी इतक्या निगुतीनं सोलली की खाली उभ्या असलेल्या चौघांनी टाळ्या वाजवल्या. तिथंच घात झाला. नानांना प्रेक्षक मिळाले की हात भरभर चालतो. दुसऱ्या काचेचा पापुद्रा सुटला, तिसरीच्या चिंध्या झाल्या, चौथीला साबणाचं पाणी मारून उलथन्यानं खरवडताना गोंदाच्या वळकट्या नानांच्या कोपरापर्यंत चढल्या.

मागच्या काचेला साबणाचं पाणी मारून त्यांनी कचऱ्याची काळी पिशवी फाडून चिकटवली आणि गाडी उन्हात उभी केली. उन्हानं पिशवी तापते, गोंद विरघळतो. हेही बरोबरच. दोन वाजता फिल्म बरीचशी निघाली. राहिला तो गोंद. नानांनी दाढीचं ब्लेड काढलं.

मी म्हणालो, “नाना, ब्लेड नको. त्या तांबूस रेघा...”

“गोंदाच्या आहेत.”

“हीटरच्या आहेत. काचेवरचं धुकं घालवायच्या. त्या आतूनच छापलेल्या असतात.”

“पुण्यात कसलं आलंय धुकं?” म्हणून ते मागच्या सीटवर गुडघे टेकून आत वाकले. पाठमोऱ्या माणसाला उपदेश करणं कठीण असतं. पंधरा मिनिटांत काच आरशासारखी लखलखीत झाली, रेघांसकट. नानांनी सगळ्यांना ती बाहेरून आणि आतून दाखवली. आठशे रुपये वाचल्याबद्दल काकूंनी सगळ्यांसाठी आंब्याचं आईस्क्रीम मागवलं. बिल नऊशे चाळीस झालं.

जूनअखेर पाऊस लागला. मागच्या काचेवर आतून वाफ धरते आणि हीटरचं बटण दाबलं की फक्त दिवा लागतो. मागचं दिसावं म्हणून नाना हल्ली चारी काचा खाली करून गाडी चालवतात. काकू शेजारी रेनकोट घालून बसतात. आमचा ड्रायर अजून त्यांच्याकडेच आहे. त्याचा वास येतो म्हणून त्यांनी तो दुरुस्तीला उघडलाय.