वरून सांबार

वऱ्हाडात कोथिंबिरीला सांबार म्हणतात. पुण्या-मुंबईचा पाहुणा हे ऐकून इडली शोधतो आणि फसतो. भाजी घेऊन झाली की पिशवीचं तोंड उघडंच ठेवायचं आणि म्हणायचं, "भाऊ, वरून सांबार टाक ना." त्याचे पैसे विचारायचे नसतात. पेरणीपासून काढणीपर्यंत सांबाराला जणू काही खर्चच येत नाही, तो आपोआप पिशवीत उगवतो.

अमरावतीच्या बाजारात भल्या पहाटे हर्रास सुरू होतो, तेव्हा शेतकरी आपल्या कॅरेटजवळ उभा असतो. त्यानं बोलायचं नसतं, भाव इतरांनी बोलायचा असतो. मग हातात हिशेबाची पट्टी येते. ती वाचण्यासारखी असते: वर मालाची रक्कम, खाली हमाली, तोलाई, गाडीभाडं. मालाला ज्यानं ज्यानं हात लावला, त्याची मजुरी ठरलेली. तीन महिने हात लावलेल्याला जे उरेल ते. २०१६ च्या जुलैत राज्यानं फळं-भाजीपाला नियमनमुक्त केला आणि अडत, म्हणजे अडत्याची दलाली, शेतकऱ्याऐवजी खरेदीदारानं द्यायची, असं ठरवलं. शेतकऱ्याच्या पट्टीतली अडत गेली. पण ती भरणारा खरेदीदार भाव बोलताना तिला विसरेल, इतका भोळा माणूस अजून कुठल्या बाजार समितीत जन्मलेला नाही.

पट्टीची कमाल पाहायची तर सोलापूरला जावं. फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं तिथं दहा पोती, म्हणजे ५१२ किलो कांदा नेला. भाव किलोला एक रुपया. खर्च वजा जाता हातात दोन रुपयांचा चेक आला, तोही पुढची तारीख टाकलेला!

त्याच वर्षी जुलैत टमाट्यानं मात्र शंभरी ओलांडली आणि सरकार खडबडून जागं झालं. दिल्लीत गाड्या फिरल्या, नव्वद रुपयांनी, मग ऐंशीनं, मग सत्तरनं टमाटे वाटले. ऑगस्टमध्ये नेपाळहून माल आणायचं ठरलं. सप्टेंबरात भाव कोसळले, राज्यात शेतकऱ्यांनी टमाटे रस्त्यावर ओतले. तेव्हा ते विकत घ्यायला कुठलीच गाडी फिरली नाही. डिझेल संपलं असावं.

आपल्या वऱ्हाडात शेती जाणणाऱ्या माणसांची कमी नाही. दहा वर्षं देशाचं कृषिमंत्रिपद सांभाळणारे डॉ. पंजाबराव देशमुख अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे. त्यांच्या नावाचं कृषी विद्यापीठ अकोल्यात १९६९ पासून आहे. तिथं भाज्यांचे वाणही निघाले. भाव मिळवून देणारा वाण तेवढा संशोधनाधीन दिसतो. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात तर विहिरीचं पाणीच खारट, तिथल्या माणसाला भाजीच्या भावाची काळजी करण्याचीही सोय नाही.

२८ फेब्रुवारी २०१६ ला बरेलीत पंतप्रधानांनी २०२२ पर्यंत शेतकऱ्याचं उत्पन्न दुप्पट करण्याचं स्वप्न सांगितलं. मध्येच सरकारचीच पाहणी झाली. तिच्यानुसार २०१८-१९ मध्ये देशातल्या शेतकरी कुटुंबाला पिकातून महिन्याला सरासरी ३,७९८ रुपये सुटत होते, म्हणजे अख्ख्या घराला दिवसाचे सव्वाशे. आणि २०२४ च्या ऑक्टोबरात रिझर्व्ह बँकेच्या एका अभ्यासात दिसलं की, ग्राहक टमाट्यासाठी जो रुपया मोजतो, त्यातले ३३ पैसे शेतकऱ्यापर्यंत पोचतात. कांद्याचे ३६, आलूचे ३७. बाकीचे वाटेत उतरतात, त्यांना गाडीभाडंही पडत नाही.

म्हणून कोणी कोणी हर्रासात न गेलेला उरलासुरला माल घेऊन रस्त्याच्या कडेला पोतं अंथरतो. बडनेरा रोडवर असाच एक जण बसलाय. चारचाकी थांबते, काच अर्धी खाली येते.

"टमाटे कसे?"

"दहा रुपये किलो."

"वीसचे तीन किलो द्या."

तो मापतो, वर दोन टमाटे जास्तीचे टाकतो. पिशवी आत जाते, काच मात्र वर जात नाही.

"सांबार नाही टाकत काहो?"

त्याच्या वावरात यंदा फक्त टमाटे आहेत. तो उठतो, शेजारच्या बाईकडून पाच रुपयांची जुडी घेतो आणि त्यातली अर्धी पिशवीत टाकतो.