सोळा हाका आणि एक ढिम्म कॉम्प्युटर

झोपलेल्याला उठवता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही, असं आपल्याकडे म्हणतात. ही म्हण ज्यानं केली त्याच्याकडे कॉम्प्युटर नव्हता. कॉम्प्युटरचं सगळं उलटं. तो सोंग घेऊन पडला असेल तरच लांबून उठतो. खरोखर झोपला, तर ब्रह्मदेवाच्या बापाचंही ऐकत नाही.

आमचा कॉम्प्युटर सांगलीला काकांच्या माडीवर आणि मी ठाण्याला. सातबाऱ्याचे उतारे, जमिनीचे नकाशे, घरातल्या लग्नांचे फोटो, सगळं त्याच्या पोटात. लागेल तेव्हा इथून उघडता यावं आणि काकांचं विजेचं बिलही वाढू नये, म्हणून 'वेक ऑन लॅन', म्हणजे झोपलेल्या कॉम्प्युटरला नेटवर्कवरून हाक मारून उठवायची सोय, वापरायचं ठरलं.

सोय तशी जुनी. 1995 साली एएमडी आणि एचपी या कंपन्यांनी तिचं तंत्र मांडलं, पुढे इंटेल आणि आयबीएमनं ती चालवली. युक्ती अशी, की कॉम्प्युटर झोपला तरी त्याच्या नेटवर्क कार्डाला चिमूटभर वीज मिळत राहते आणि ते कान टवकारून असतं. त्याला 'मॅजिक पॅकेट' धाडायचं. त्यात आधी सहा वेळा एफएफ, म्हणजे दारात उभं राहून खाकरणं, आणि मग त्या कार्डाचा पत्ता लागोपाठ 16 वेळा. एकूण 102 बाइट. सोळा हाका! काकूंना काकांना उठवायलासुद्धा एवढ्या लागत नाहीत. हे पॅकेट बहुधा 9 नंबरच्या पोर्टवर पाठवतात, आणि हा पोर्ट मुळात आलेला माल फेकून देण्यासाठी राखलेला. कार्डाला त्याचं सोयरसुतक नाही. आपलं नाव सोळा वेळा आलं की ते कॉम्प्युटरला उठवतं. मात्र ओ द्यायची पद्धत नाही. उठला का, हे विचारायला सांगलीला फोनच करायचा.

नाव घ्यायचं तर आधी कळायला हवं. काका एसटीतून निवृत्त झालेले, त्यामुळे कार्डाचा पत्ता त्यांनी फोनवर डेपोवार सांगितला.

"लिही गं. बी बारामतीचा. चार. डी दापोलीचा. ई एरंडोलचा. एफ फलटणचा."

"काका, फलटण पीएचनं लिहितात."

"ते डेपोत जाऊन सांग."

या पत्त्यात शून्य ते नऊ आणि ए ते एफ एवढंच येतं, पी येऊच शकत नाही, म्हणून निभावलं.

पत्ता बरोबर, तरी कॉम्प्युटर ढिम्म. मग काका टॉर्च घेऊन टेबलाखाली शिरले. लॅनची वायर जिथे खोचतात तिथे दोन बारीक दिवे असतात. कॉम्प्युटर बंद असतानाही त्यातला एखादा लागलेला हवा.

"दिवा नाही. कोळ्याचं जाळं आहे. झाडून घेऊ?"

दिवा नाही म्हणजे कार्डाला वीज नाही, म्हणजे सोंग नाही, खरी झोप. दोषी निघालं बायोसमधलं, म्हणजे विंडोजच्याही आधी जागं होणाऱ्या प्रोग्रॅममधलं, 'ईआरपी' नावाचं सेटिंग. युरोपियन युनियनचा नियम आहे, की 2013 पासून बंद केलेल्या उपकरणानं अर्ध्या वॅटपेक्षा जास्त वीज खायची नाही. हे सेटिंग चालू असलं की आमचा मदरबोर्ड इमानेइतबारे कार्डाचीही वीज तोडतो. ते बंद करवलं. मग विंडोजची पाळी. विंडोज 8 पासून 'फास्ट स्टार्टअप' आलं. ते चालू असलं की शटडाउन म्हटल्यावर विंडोज अर्धवटच बंद होतं आणि त्या अवस्थेत कार्डाला हाक ऐकायची परवानगी देत नाही. तेही काढलं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डानं कॉम्प्युटरला उठवावं अशी खूण केली. 'फक्त मॅजिक पॅकेटनंच' ही खालची खूण राहिली, तेव्हा काकूंचा फोन आला. "मेला रात्री दोनला उठून बसला, माडीभर उजेड!" नेटवर्कवर कुणी सहज चौकशी केली तरी साहेब उठत होते. ती खूण केली, आणि माडी शांत झाली.

दिवा लागला, हाका पोचल्या, आणि दुसऱ्या दिवशी दिवा पुन्हा गायब.

"झोपताना भिंतीवरचं बटण बंद करतो मी," काका म्हणाले. "वीज काय फुकट येते?"

युरोपियन युनियन अर्ध्या वॅटवर तरी थांबली. काका शून्यावर गेले होते.

बटणावर चिकटपट्टी बसली. उरला राउटर. सगळ्या घराला उद्देशून मारलेली बाहेरची हाक तो उंबऱ्यावरच अडवतो. नेमक्या आयपी पत्त्यावर पाठवावी, तर कोणता आयपी पत्ता कुठल्या कार्डाचा हे तो कॉम्प्युटर झोपल्यावर थोड्याच वेळात विसरतो. त्यामुळे नुकताच झोपलेला उठतो आणि तासाभरानं तोच दाद देत नाही. त्यात आपल्याकडे इंटरनेट कंपन्या अनेक गिऱ्हाइकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात, तेव्हा तर हाक घरापर्यंतही येत नाही. तोडगा एकच, हाक घरातूनच मारायची. काकूंच्या मोबाइलवर अ‍ॅप टाकलं. आता मी काकूंना फोन करते, काकू अ‍ॅपमधलं बटण दाबतात, माडीवर पंखा घुरघुरतो.

"मग हिनं वर जाऊन कॉम्प्युटरचंच बटण दाबलं तर?" काकांनी विचारलं.

"अकरा पायऱ्या आहेत," काकू म्हणाल्या. "तुम्ही जाता का?"

काका गेले नाहीत. एवढ्या एका उत्तरानं या तंत्राची उपयुक्तता सिद्ध झाली.

ज्यांचा कॉम्प्युटर गावी आहे त्यांना एवढंच सांगते: आधी मागचा दिवा बघा, मग बायोस, मग विंडोज आणि सगळ्यात शेवटी राउटर. आणि गावाहून निघायच्या आधी शेजारच्या खोलीतून एकदा उठवून बघा. तिथून उठला नाही, तर ठाण्याहून मुळीच उठायचा नाही.