येता येता पॅरिस

“काय वहिनी, पॅरिसची तयारी कुठवर आली?” जास्वंद काढता काढता कुंपणावरून मी विचारलं आणि सकाळचा अर्धा तास तिथंच गेला.

“कसली तयारी, ताई! सहा महिने लेकाकडे लीड्सला जायचंच आहे, येता येता पॅरिस करू, व्हिसा तिकडूनच काढू, असं मनात होतं. तर लेक म्हणतो, ‘आई, तू इथं पाहुणी. शेंगेन व्हिसाचा अर्ज जिथं राहतेस तिथून करायचा. पाहुण्यानं करायचा तर तसंच सबळ कारण लागतं.’ आयफेल टॉवर बघायचाय, हे काही कारण नव्हे म्हणे!”

“आणि त्याचा अर्ज?”

“त्याचा तिकडूनच. पासपोर्ट दोघांचे निळे, सिंह तेच, पॅरिस तेच, पण फायली दोन. त्याची तर आमच्याहून जाड! सहल संपल्यावरही ब्रिटनमध्ये राहायची परवानगी तीन महिने तरी शिल्लक हवी. पूर्वी हातात त्याचं कार्ड असायचं, ते २०२४ संपता संपता बाद झालं. आता सगळं ऑनलाइन, मग घ्या छापून. ऑफिसचं पत्र, बँकेचे कागद, ३०,००० युरोंचा विमा. फी ९० युरो, आणि नकार आला तरी ती गेलीच. त्याच्या ऑफिसातली एक मुलगी, चांगली सांगलीची, पण पासपोर्ट ब्रिटिश. ती शुक्रवारी ठरवते नि शनिवारी पॅरिसात कॉफी पिते.”

“आमच्या वरच्या खोलीतल्या सुदानी मुलाचंही तेच चाललंय,” मी म्हटलं. “त्याला जर्मनीला जायचंय, कसलीशी परिषद आहे. अर्जासाठी सुदानला कुठे जाणार? तिथं २०२३ पासून लढाई. राहतो पुण्यात, म्हणून अर्ज भारतातूनच. कॉलेजचं पत्र, परदेशी नागरिक म्हणून केलेली नोंदणी, परत यायला इथला व्हिसा, सगळं जोडलंय. तो आला तेव्हा घरमालकीण म्हणून चोवीस तासांत त्याचा सी फॉर्म मीच भरला होता. परवा म्हणाला, ‘आंटी, मी परत येणार आहे असं लिहून द्या.’ दिलं. खोली ठेवलीय, कुकर, पुस्तकं, सायकल इथंच आहे, सगळं लिहिलं.”

वहिनी जरा गप्प झाल्या. “लेकालाही तेच लिहावं लागलं हो. लीड्सला परत येईन म्हणून. घरचा पत्ता लीड्स. पुणे आपलं जन्मस्थळाच्या रकान्यात तेवढं.”

“आणि आमच्या पोरानं घरचा पत्ता लिहिलाय सहकारनगर, पुणे. झाली की फिट्टंफाट! तुमचा गेला, आमचा आला.”

“आला खरा,” वहिनींनी माझ्या परडीतली दोन फुलं उचलली, “पण तुमचा एक तारखेला भाडं तरी देतो!”